बॉम्बरच्या नाकात तोफ: गणित सेकंदांचं

७५ मिलिमीटरच्या तोफेचा एक राउंड, म्हणजे पितळी काडतूस आणि त्याच्या तोंडाशी बसवलेला गोळा, साडेआठ ते नऊ किलो वजनाचा असतो. लाटांच्या जेमतेम वरून, हिंदकळत जाणाऱ्या विमानात वैमानिकाच्या मागे उभं राहून असा राउंड दोन्ही हातांनी उचलायचा, तोफेच्या मागच्या तोंडात सरकवायचा, हात बाजूला घ्यायचे, तोफ उडाली की लगेच पुढचा उचलायचा. अमेरिकेच्या बी-२५ मिचेल बॉम्बरच्या ‘जी’ आणि ‘एच’ या प्रकारांत १९४३-४४ मध्ये हे काम नॅव्हिगेटरकडे, म्हणजे विमानाचा मार्ग ठरवणाऱ्याकडे, होतं. एका विमानात असे २१ राउंड असत. प्रत्यक्ष हल्ल्याच्या एका फेरीत त्यांतले साधारण चारच उडत.

बॉम्बरवर तोफ बसवण्याचे प्रयोग दुसऱ्या महायुद्धात जवळपास प्रत्येक मोठ्या देशाने केले. विमान तोफेचा धक्का सोसेल का, या प्रश्नाभोवती बहुतेक वर्णनं फिरतात. धक्का सोसायची सोय करता आली. खरी अडचण होती ती लक्ष्य समोर असण्याच्या आठ-नऊ सेकंदांची. यातल्या एकेका प्रयोगाचं काय झालं, ते त्या सेकंदांवरून चांगलं उलगडतं.

तोफेची गरज का वाटली, ते आधी पाहू. ५,००० मीटर उंचीवरून सोडलेला बॉम्ब खाली पोचायला सुमारे ३२ सेकंद घेतो. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारं जहाज तेवढ्यात सव्वादोनशे मीटर पुढे सरकतं आणि कप्तानाने सुकाणू वळवलं तर बाजूलाही जातं. वरून बॉम्ब टाकून चालतं जहाज बुडवणं म्हणून फार कठीण. खाली उतरून समोरून सरळ मारा केला तर नेम लागण्याची शक्यता कितीतरी वाढते. मग समोरून मारायचं तर मोठ्यात मोठं काय मारता येईल, असा विचार सुरू झाला आणि रणगाड्याची तोफ विमानात आली.

धक्क्याचा हिशोब

तोफ झाडली की विमान हवेत थबकायचं, असं अनेकदा लिहिलेलं आढळतं. हिशोब करून पाहू. गोळा पावणेसात किलोच्या आसपास, नळीतून सुटतानाचा वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर. म्हणजे संवेग, अर्थात वस्तुमान गुणिले वेग, झाला सुमारे ४,००० (किलो गुणिले मीटर प्रतिसेकंद). मागोमाग सुटणाऱ्या वायूचा वाटा धरला तर ४,८०० च्या घरात. भरलेलं बी-२५ सुमारे १५ टनांचं. ४,८०० ला १५,००० ने भागलं की उत्तर येतं सेकंदाला ०.३२ मीटर. म्हणजे एका गोळ्यामागे विमानाचा वेग ताशी एक-सव्वा किलोमीटरने कमी होतो. ताशी ४०० किलोमीटरने जाणाऱ्या विमानात तो काट्यावर दिसणारही नाही. आत बसलेल्यांना हादरा जबरदस्त बसतो, कानठळ्या बसतात, केबिनमध्ये दारूच्या धुराचा वास भरतो. थबकल्यासारखं वाटतं ते त्यामुळे.

विमान थांबत नसलं, तरी तो धक्का सांगाड्याच्या कोणत्या भागातून आणि किती वेळात जातो याला फार महत्त्व आहे. बी-२५ जी मधली एम४ तोफ चारशे किलोंहून थोडी जड होती. गोळा पुढे सुटला की तोफ सेकंदाला सुमारे १२ मीटर वेगाने मागे निघते. तिला एकदम अडवलं तर ती ज्यात बसवलेली असते तो पाळणाच उखडून येईल. म्हणून तिला पाळण्यात सुमारे ५३ सेंटिमीटर मागे सरकू द्यायचं आणि तेवढ्या अंतरात तेलाच्या दट्ट्याने हळूहळू रोखायचं. तरी सेकंदाच्या अकराव्या भागापुरता सरासरी साडेपाच टनांचा जोर सांगाड्यावर येतो. हा जोर पत्र्याने घेऊन चालत नाही. तो पाळण्यातून धडाच्या मुख्य कण्यांवर आणि पंखांच्या जोडापर्यंत पोचवावा लागतो. बी-२५ मध्ये वैमानिकाच्या खालून नाकाकडे रांगत जायला एक बोगदा होता. तोफ नेमकी तिथे बसवली. तिचं तोंड नाकाच्या खालच्या डाव्या बाजूला बाहेर आलं. काचेचं नाक काढून आखूड, बंद पत्र्याचं नाक बसवलं. नेम धरून बॉम्ब सोडणाऱ्या बॉम्बर्डियरची जागा गेली. नाकात तोफेसोबत १२.७ मिलिमीटरच्या दोन मशिनगन राहिल्या.

या जोराहून जास्त त्रास दिला तो नळीच्या तोंडाशी होणाऱ्या स्फोटाने. गोळ्यामागून सुटणारा तप्त वायू चहूबाजूंना फुटतो आणि शेजारचा पत्रा असतो जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा, रिव्हेटांनी जोडलेला. दर वेळी तो आत दबतो आणि परत येतो. काही दिवसांत रिव्हेट सैल होतात, मग भोकांपासून चिरा निघतात. ही तक्रार तोफेपुरती नव्हती. नाकाच्या बगलांना बाहेरून लावलेल्या मशिनगनच्या जोड्यांनीही मागचा पत्रा असाच खराब केला. उपाय साधेच होते. नळीचं तोंड पत्र्यापासून पुढे काढायचं, भोवती जाड नळकांडं घालायचं, मागच्या पत्र्यावर दुसरा पत्रा ठोकायचा. यांतला प्रत्येक उपाय नाकाकडचं वजन वाढवतो. नाक जड झालं की गुरुत्वमध्य पुढे जातो आणि जमिनीवरून उठताना व उतरताना वैमानिकाला सुकाणूदांडा नेहमीपेक्षा जोरात ओढावा लागतो.

पुढच्या बी-२५ एच साठी तोफच हलकी केली. टी१३ई१ नावाची ही तोफ एम४ च्या निम्म्याहून कमी वजनाची होती. पण तोफ हलकी केल्याने धक्का कमी होत नाही, तो जास्त तीव्र होतो. संवेग तोच राहतो, वस्तुमान निम्मं होतं, म्हणून मागे येण्याचा वेग दुप्पट आणि शोषायची ऊर्जाही दुप्पट. हे सावरायला धक्का शोषणारी यंत्रणा नळीच्या शेजारी न ठेवता नळीभोवतीच वेटोळ्यासारखी बसवली. कमी जागेत मावणारी ती रचना मला या सगळ्या प्रयोगांतली सर्वांत सुबक वाटते. एच मध्ये दुसऱ्या वैमानिकाची जागाही काढली. नाकात चार आणि बगलांना चार मशिनगन दिल्या. अशी १,००० विमानं बांधली गेली.

एका फेरीत काय घडतं

समजा, जहाज समोर आहे आणि विमान सेकंदाला ११० मीटरने त्याच्याकडे चाललं आहे. १,५०० मीटरवरून मारा सुरू केला आणि ५०० मीटरवर तोडून वर उठलं, तर मधले १,००० मीटर नऊ सेकंदांत संपतात. हाताने तोफ भरायला सुमारे तीन सेकंद. पहिला गोळा आधीच भरलेला. हिशोब चारावर येऊन थांबतो. नॅव्हिगेटर कितीही तरबेज असला तरी यात एखाद्याच गोळ्याची भर पडणार.

त्या चारांतला प्रत्येक गोळा वेगळ्या अंतरावरून सुटतो, म्हणून प्रत्येकाचा नेम वेगळा. १,५०० मीटर गाठायला गोळ्याला सव्वादोन-अडीच सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो २५ मीटरांहून जास्त खाली येतो. १,००० मीटरला ११ मीटर, ५०० मीटरला जेमतेम अडीच मीटर. दुर्बिणीची खूण १,००० मीटरसाठी लावली असेल, तर पहिला गोळा दहा मीटर खाली जाऊन जहाजाच्या अलीकडे पाण्यात पडतो आणि शेवटचा तीन मीटर वरून जातो. अंतर डोळ्यांनी जोखायचं, ते दर सेकंदाला बदलत असतं आणि वैमानिकाचं विमान उडवणंही चालूच असतं.

मदतीला नाकातल्या मशिनगन होत्या. त्यांच्या ट्रेसर, म्हणजे जाताना उजेडाची रेघ दाखवणाऱ्या, गोळ्यांची वाट मध्यम अंतरापर्यंत तोफगोळ्याच्या वाटेशी बऱ्यापैकी जुळते. आधी मशिनगन सोडायच्या, गोळ्या जहाजावर लागताना दिसल्या की तोफेची कळ दाबायची. हवेत हेलकावा नको, विमान बाजूला घसरायला नको. विमान सेकंदाला दोन मीटरने जरी बाजूला घसरत असलं, तरी तो वेग गोळ्यालाही मिळतो आणि दोन सेकंदांच्या प्रवासात गोळा चार मीटर बाजूला जातो. म्हणून नऊ सेकंद विमान तारेवर ओवल्यासारखं सरळ ठेवावं लागतं आणि जहाजावरच्या विमानविरोधी तोफांना तेच हवं असतं.

आता याच्याशी निव्वळ मशिनगनची तुलना करू. १२.७ मिलिमीटरच्या आठ मशिनगन, प्रत्येकी मिनिटाला सुमारे ८०० गोळ्या, एक गोळी सुमारे ४६ ग्रॅमची. सेकंदाला शंभरावर गोळ्या आणि जवळजवळ पाच किलो धातू. तोफ तीन सेकंदांत पावणेसात किलोचा एक गोळा टाकते, म्हणजे सेकंदाला सव्वादोन किलो. गोळ्यात पाऊण किलोहून थोडं कमी टीएनटी असतं, त्यामुळे लागला तर तो फार मोठं नुकसान करतो. नाही लागला तर पुढचे तीन सेकंद काहीच नाही. मशिनगनचा वैमानिक ट्रेसर पाहत पाहत धार जहाजावर सरकवू शकतो. शिवाय त्या माऱ्याखाली जहाजावरचे तोफची डेकवर उभे राहू शकत नाहीत, हे तर हल्ला करणाऱ्याच्या जिवाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचं.

पॅसिफिकमध्ये याचा पुरावा आधीच मिळाला होता. ऑस्ट्रेलियात पॉल गन या अमेरिकी अधिकाऱ्याने ए-२० आणि नंतर बी-२५ च्या नाकात मशिनगन कोंबून हल्ल्याची विमानं तयार करवली. ती मार्च १९४३ च्या बिस्मार्क समुद्राच्या लढाईत उतरली. खाली उडत मशिनगनने डेक साफ करायचा आणि भाकरीच्या ठिकरीसारखा पाण्यावर उसळत जाणारा बॉम्ब जहाजाच्या कुशीत सोडायचा, ही पद्धत. जपानी ताफ्यातली आठही वाहतूक जहाजं आणि आठपैकी चार विनाशिका बुडाल्या. तोफवाली मिचेल त्यानंतर पोचली आणि पॅसिफिकमधल्या अनेक तुकड्यांनी तोफ काढून तिच्या जागी आणखी मशिनगन लावल्या. पुढच्या बी-२५ जे च्या बंद नाकात थेट आठ मशिनगन आल्या. बगलेतल्या चार आणि वरच्या फिरत्या मनोऱ्यातल्या दोन धरून चौदा पुढे रोखता येत.

तोफवाली एच विमानं भारतातूनही लढली. १९४४ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या एअर कमांडो गटाकडे अशी डझनभर मिचेल होती आणि त्यांचा तळ आसामातल्या हैलाकांडीला होता. तिथून ती ब्रह्मदेशात चिंदिटांच्या, म्हणजे जपानी फळीमागे घुसून लढणाऱ्या ब्रिटिश तुकड्यांच्या, मदतीला जात. गोदामं, पूल, रेल्वेची इंजिनं ही लक्ष्यं जहाजासारखी वळत नाहीत आणि त्यांच्यावर विमानविरोधी तोफांचा पहाराही सहसा जहाजाइतका दाट नसतो. अशा कामाला हीच तोफ जास्त उपयोगाची.

सिगारेट यंत्रवाल्यांचं उत्तर

हाताने भरण्यातले तीन सेकंद वाचवायचे, तर भरणी यंत्राने करायला हवी. ब्रिटनमध्ये हे काम मोलिन्स कंपनीने केलं. तिचा मूळ धंदा सिगारेट बनवायची यंत्रं तयार करण्याचा. लांबट, गोल वस्तू ढिगातून एकेक करून, आडवी न पडू देता, ठरल्या जागी ठरल्या क्षणी आणून ठेवणं, हे तिचं रोजचं काम. रणगाडाविरोधी ५७ मिलिमीटर तोफेला तिने स्वयंचलित भरणी जोडली. मॅगझिनमध्ये २५ च्या आसपास राउंड आणि सेकंदाला जवळजवळ एक गोळा. सगळी जुळणी मिळून सुमारे ८०० किलो. ती मॉस्किटो या लाकडी विमानाच्या पोटात, २० मिलिमीटरच्या चार तोफा काढून त्यांच्या जागी बसवली आणि विमानाला त्सेत्से माशीचं नाव मिळालं. नमुन्याचं पहिलं उड्डाण जून १९४३ मध्ये झालं आणि ऑक्टोबरमध्ये २४८ स्क्वाड्रनकडून ही विमानं कामगिरीवर गेली.

मॉस्किटोचं धड प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड चिकटवून केलेलं. ते हा धक्का कसं घेणार, अशी शंका येणं साहजिक आहे. पण गोळा तीन किलोहून हलका असल्याने एका गोळ्याचा संवेग ७५ मिलिमीटरच्या गोळ्यापेक्षा कमी होता. विमानही हलकं, त्यामुळे वेगातली घट साधारण तेवढीच, गोळ्यामागे ताशी एक-दीड किलोमीटर. पाच गोळ्यांची फैर झाडली तर ताशी सहा-सात किलोमीटर.

लक्ष्य होतं बिस्केच्या उपसागरात तळावर परतणाऱ्या जर्मन पाणबुड्या. गोळा भरीव पोलादाचा, आत स्फोटक नाही. पाणबुडीचं दाब सोसणारं कवच १८ मिलिमीटरच्या आसपास जाड असतं. त्याला ५७ मिलिमीटरचं एक भोक पडलं तरी पाणबुडीला बुडी मारता येत नाही आणि पृष्ठभागावर थांबावं तर विमानांच्या तावडीत सापडते. २५ मार्च १९४४ रोजी सँ-नाझेरजवळ यू-९७६ ही पाणबुडी याच विमानांनी बुडवली. सेकंदांचा हिशोब इथे खरोखर जमला होता. त्याच फेरीत चाराऐवजी आठ-नऊ गोळे, आणि ते वेगवान व सरळ जाणारे.

तरीही अशी विमानं वीसच्या आतबाहेरच बनली, कारण तोवर रॉकेट आलं होतं. तीन इंची पोलादी नळीचं आरपी-३ रॉकेट पंखाखालच्या पट्ट्यांवरून सुटतं आणि त्याचा वायू मागे मोकळ्या हवेत जातो, म्हणून विमानाला धक्काच बसत नाही. पाळणा नको, दट्ट्या नको, धडात जागा नको. अशी आठ रॉकेटं, २७ किलोच्या स्फोटक टोप्यांची किंवा ११ किलोच्या भरीव टोप्यांची, एकाच वेळी सुटतात. रॉकेटचा नेम तोफेपेक्षा ढोबळ हे खरं. पण भरीव टोपीचं रॉकेट पाणबुडीच्या अलीकडे पाण्यात शिरलं तरी उथळ पाण्यातून पुढे जाऊन पाण्याखालच्या कवचाला भोक पाडू शकतं. तोफेचा गोळा अलीकडे पडला की संपला.

बाकीचे प्रयोग

जर्मनांनी युंकर्स-८८ च्या पोटाखाली लांबट कोश बांधून त्यात रणगाडाविरोधी ७५ मिलिमीटरची पाक-४० बसवली. गोळा बी-२५ च्या इतकाच, पण वेग बराच जास्त, म्हणजे धक्काही जास्त आणि नळीच्या तोंडाचा स्फोटही मोठा. त्या कोशामुळे विमान मंद आणि जड झालं आणि एका फेरीत दोनच गोळे जमत. रशियाच्या मोकळ्या मैदानावर रणगाड्यावर दोन गोळ्यांसाठी एवढं मोठं, दोन इंजिनांचं विमान धोक्यात घालणं परवडणारं नव्हतं. पुढच्या प्रकारांत ते ३७ आणि ५० मिलिमीटरवर उतरले. इटलीने चार इंजिनांच्या पियाज्जो पी.१०८ मध्ये १०२ मिलिमीटरची तोफ बसवून एकच विमान तयार केलं.

जपानचा प्रयोग मला सर्वांत चटका लावणारा वाटतो, कारण त्यात यांत्रिक चूक जवळपास नव्हती. की-६७ हिर्यू बॉम्बरच्या नाकात ७५ मिलिमीटरची विमानविरोधी तोफ, १५ राउंड, भरायचं काम दुसऱ्या वैमानिकाचं. या की-१०९ विमानाचं लक्ष्य होतं अमेरिकेचं बी-२९ बॉम्बर. त्याच्या मशिनगनच्या पल्ल्याबाहेर थांबून एकेक गोळा मारायचा. तोफ चांगली चालली. पण बी-२९ ज्या उंचीवरून येत, तिथल्या विरळ हवेत की-१०९ ची इंजिनं दमून जात आणि विमान वेळेवर वर पोचतच नसे. १९४५ च्या मार्चपासून बी-२९ रात्री, कमी उंचीवरून येऊ लागले, तेव्हा दुरून नेम धरायची कल्पनाच निकामी झाली. २२ विमानं बनली.

सोव्हिएत अभियंता नादाश्केविच यांनी अगदी उलट वाट धरली. तुपोलेव तू-२ च्या बॉम्बच्या कप्प्यात त्यांनी पीपीएसएच या पायदळाच्या ८८ सबमशिनगन एका चौकटीत, तोंडं तिरकी खाली करून, ओळीने बसवल्या. हेतू रस्त्यावरून जाणाऱ्या सैन्यावर गोळ्यांचा पाऊस पाडण्याचा. प्रत्येक बंदुकीच्या डब्यात ७१ गोळ्या, एकूण ६,२४८. बंदूक मिनिटाला ९०० च्या वेगाने चालली तर डबा पाच सेकंदांत रिकामा. तेवढ्यात विमान सहाशेक मीटर पुढे जातं, म्हणजे रस्त्याचा सहाशे मीटरचा एक तुकडा आणि मग घरी. शिवाय पीपीएसएचची गोळी पिस्तुलाच्या काडतुसाची, दीड-दोनशे मीटरपलीकडे तिचा जोर झपाट्याने ओसरतो, म्हणून विमान अगदी खालून न्यावं लागे.

उतरल्यावर चौकट खाली घेऊन ८८ डबे भरायचे. हा डबा भरणं म्हणजे झाकण काढायचं, आतली स्प्रिंग पिळायची, नागमोडी खाचेत एकेक काडतूस उभं करायचं, एक जरी आडवं पडलं तरी पुन्हा सरळ करायचं, मग स्प्रिंग हळूच सोडून झाकण लावायचं. सरावाच्या हातालाही एका डब्याला काही मिनिटं लागतात. पाच सेकंदांच्या माऱ्यासाठी माणसांचे तासच्या तास. हा प्रयोग चाचणीपुढे गेला नाही.

अमेरिकेच्या वाय-बी-४० विमानाचा उल्लेख करायलाच हवा, कारण त्यात सेकंदांऐवजी किलो आडवे आले. जर्मनीवर जाणाऱ्या बी-१७ बॉम्बरना लढाऊ विमानांची सोबत तेव्हा पुरत नव्हती. म्हणून काही बी-१७ मध्ये बॉम्बच्या जागी जादा मशिनगन आणि दारूगोळा भरून त्यांना रखवालदार केलं. मे १९४३ मध्ये ती कामाला लागली. जाताना ठीक. पण बॉम्ब टाकल्यावर इतर विमानं हलकी होऊन वेगाने परतत, आणि हे रखवालदार आपल्या मशिनगनचं वजन घेऊन मागे पडत. उन्हाळा संपायच्या आत प्रयोग थांबला. त्याच्या हनुवटीखालचा दोन मशिनगनचा मनोरा मात्र बी-१७ जी वर कायमचा आला, कारण समोरून येणाऱ्या हल्ल्याला तो खरंच उत्तर देत होता.

बी-२५ एच मधल्या टी१३ई१ तोफेचंही असंच झालं. विमानासाठी हलकी केलेली, नळीभोवती धक्काशोषक असलेली ही तोफ रणगाड्याच्या छोट्या मनोऱ्यात मावत होती. तिच्यावरून तयार झालेली एम६ तोफ अमेरिकेच्या एम२४ चाफी या हलक्या रणगाड्यावर बसली. जमिनीवर लक्ष्य नऊ सेकंदांत निसटून जात नाही, त्यामुळे हाताने भरणंही तिथे पुरेसं होतं. नोव्हेंबर १९७१ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गरीबपूरला भारताच्या ४५ कॅव्हलरीच्या पीटी-७६ रणगाड्यांसमोर जे पाकिस्तानी चाफी आले, त्यांच्यावर हीच एम६ होती.